व्ही-ब्रेकचा बूस्टर: मागच्या चाकाला जरूर लावा, पुढच्याला आधी तपासून बघा

ज्यांच्याकडे अजून रिम ब्रेकवाली एमटीबी आहे, म्हणजे चाकाच्या कड्यालाच (रिमला) ब्रेक लागणारी माउंटन बाइक, आणि ज्यांना भेटेल तो एकच सल्ला देतो की विकून टाक आणि डिस्क ब्रेकवाली घे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी सायकल स्टीलच्या फ्रेमची, सव्वीस इंची चाकांची, पुढे साधं सस्पेन्शन आणि दोन्हीकडे व्ही-ब्रेक, म्हणजे रिमच्या दोन बाजूंना दोन उभे आर्म, केबल ओढली की ते रबराचे पॅड रिमवर दाबतात. फ्रेम मापात बसते, इंदूरजवळच्या महू, चोरल, जानापाव या रस्त्यांवर इतकी वर्षं हिच्यावरच फिरलोय, ती विकायची नाही हे पक्कं आहे. तक्रार एकच होती, मागचा ब्रेक. लिव्हर दाबला की दबतच जायचा, शेवटी ग्रीपला टेकायचा, आणि उतारावर चाक पाहिजे तसं धरायचं नाही. इथे इंदूरात ज्या ज्या मिस्त्रीला दाखवली त्याने केबल ओढून दिली, दोन दिवस बरं वाटायचं, मग परत तेच. केबल ओढून हा प्रश्न सुटणारच नव्हता, कारण दोष केबलमध्ये नव्हता, फ्रेममध्ये होता.

त्यासाठी मी जे लावलं त्याला ब्रेक बूस्टर म्हणतात. घोड्याच्या नालेच्या आकाराची एक पट्टी असते, माझी अॅल्युमिनियमची आहे, दोन टोकांना दोन भोकं. व्ही-ब्रेकचे दोन आर्म फ्रेमच्या ज्या दोन खुंटांवर बसतात त्याच खुंटांच्या बोल्टखाली ही पट्टी कसायची, टायरच्या वरून कमान करून. बस. ना त्यात काही हलतं ना फिरतं. बघून वाटतं की या पत्र्याने काय होणार. मलाही सुरुवातीला हाच प्रश्न होता म्हणून आधी गणित बघितलं, मग ऑर्डर केली, आणि ते गणित इथे सांगतो कारण ते कळल्याशिवाय ही वस्तू कोणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

व्ही-ब्रेकचा आर्म खुंटापासून केबलपर्यंत साधारण १०० मिलिमीटर लांब असतो आणि पॅड त्याच खुंटापासून २५ ते ३० मिलिमीटरवर बसतो. म्हणजे केबल जितक्या जोराने ओढली जाते त्याच्या साडेतीन ते चारपट जोर पॅडवर येतो. त्याआधी हँडलवरच्या लिव्हरने बोटांचा जोर दोन-अडीचपट केलेला असतोच. दोन्ही मिळून आठ-दहापट धरा, थोडा घर्षणात जातो. बोटांनी दहा किलोचा जोर लावला तर रिमवर एका बाजूने ऐंशी-नव्वद किलोचा दाब आणि तसाच दुसऱ्या बाजूने. आता रिम काही आत दबत नाही, ती तेवढ्याच जोराने पॅडला उलट ढकलते, आणि त्यातला बराचसा उलटा जोर शेवटी येतो कुठे तर त्या दोन खुंटांवर. खुंट वेल्ड केलेले असतात सीटखालून मागच्या अॅक्सलकडे उतरणाऱ्या त्या दोन बारीक नळ्यांवर. त्या नळ्या मग बाहेरच्या बाजूला फाकतात. तुम्ही सायकलवर बसलेले असता त्यामुळे हे कधी दिसत नाही, पण मागे उकिडवं बसून बघा आणि कोणाला तरी लिव्हर दाबायला सांगा, डोळ्यांना स्पष्ट दिसतं.

मी भाच्याला बसवलं आणि स्वतः व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, घेऊन मागे बसलो. दोन्ही खुंटांच्या बोल्टच्या डोक्यांवर, बाहेरून बाहेर, माप घेतलं. लिव्हर सोडलेला असताना एक, करकचून दाबलेला असताना एक. भाचा म्हणाला, "मामा, हे तर उघडतंय!" दोन मिलिमीटरच्या आसपास फरक येत होता. दोन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण पॅड रिमपासून लांब असतो तो सुद्धा एका बाजूला दीड-दोन मिलिमीटरच. म्हणजे पॅड रिमला टेकल्यानंतर नळ्या फाकण्यातच लिव्हरचा बराच प्रवास संपत होता. हात फ्रेम वाकवण्याचं काम करत होता.

बूस्टर लावल्यावर तेच माप परत घेतलं. अर्धा मिलिमीटरच्या आत आलं, व्हर्नियर धरायच्या चुका धरूनसुद्धा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण विकणाऱ्यांच्या पानांवर "ब्रेकिंग पॉवर दुप्पट" असलं काहीतरी लिहिलेलं असतं. असं होत नाही. बूस्टर जोर वाढवत नाही. तुम्ही दहा किलोने दाबलं तर पॅडवर आधी जेवढा दाब यायचा तेवढाच नंतरही येतो, लिव्हर तोच, आर्म तोच, मग पट वाढणार कुठून? वाचतो तो प्रवास. लिव्हर आधी जिथे जाऊन थांबायचा त्याच्या बराच आधी थांबतो आणि कडक लागतो. मग फायदा काय, तर माझ्या बाबतीत मोठा, कारण माझा लिव्हर ग्रीपला टेकत होता, आणि एकदा टेकला की पुढे तुम्ही कितीही ताकद लावा ती ग्रीपवर जाते, ब्रेकला एक ग्रॅम मिळत नाही. शिवाय बोटांची ताकद लिव्हर मधल्या अंतरावर असताना जास्त चालते, मूठ जवळजवळ मिटलेली असताना कमी. लिव्हर लवकर कडक झाला तर बोटं जिथे ताकदवान असतात तिथेच काम होतं.

आणि यात अजून एक गोष्ट आहे जी फार कमी लोक करतात. काही व्ही-ब्रेक लिव्हरमध्ये केबलचं टोक लिव्हरच्या खिळीजवळ किंवा लांब सरकवायची सोय असते, स्क्रूने किंवा वेगवेगळ्या खाचांनी. खिळीजवळ सरकवलं की केबल कमी ओढली जाते पण जोराने ओढली जाते. फाकणाऱ्या फ्रेमवर हे करता येत नाही कारण लिव्हर आधीच ग्रीपला टेकत असतो, अजून प्रवास देणार कुठून. बूस्टरने प्रवास वाचला की मग हे करायला जागा मिळते, आणि तेव्हा मात्र ब्रेकचा जोर खरोखर वाढतो. म्हणजे बूस्टरने वाचवलेला प्रवास तुम्ही लिव्हरवर खर्च करायचा. माझ्या लिव्हरला ही सोय आहे, मी थोडं आत सरकवलंय, आता दोन बोटांत मागचं चाक कोरड्या डांबरावर लॉक होतं. आधी चार बोटांनी होत नव्हतं.

हा प्रकार आला कुठून तेही थोडं सांगतो. एमटीबीवर आधी कॅन्टिलिव्हर ब्रेक असायचे, मधून वर जाणारी वायर आणि बाजूला पसरलेले दोन आखूड आर्म. शिमानो कंपनीने १९९६ च्या आसपास व्ही-ब्रेक आणला, लांब उभे आर्म आणि आडवी केबल, आणि एकदम जोर वाढला. पण खुंट तेच, नळ्या त्याच, कारण व्ही-ब्रेक मुद्दाम जुन्या खुंटांवर बसेल असाच बनवलेला होता. त्यामुळे कमी जोरासाठी बनलेल्या फ्रेमवर जास्त जोराचा ब्रेक आला आणि फाकणं दिसायला लागलं. त्या काळात बूस्टर सगळीकडे मिळायचे, अॅल्युमिनियम, कार्बन, अगदी टायटेनियमचे सुद्धा. मागुरा कंपनीचा एचएस३३ नावाचा हायड्रॉलिक रिम ब्रेक आहे, ट्रायल्सवाले, म्हणजे दगडांवरून मागच्या चाकावर उड्या मारणारे, तो अजून वापरतात, त्याचा जोर इतका असतो की त्याला बूस्टर लावणं नेहमीचंच मानलं जातं. नंतर डिस्क ब्रेक आले आणि दुकानांतून हे सगळं नाहीसं झालं. इंदूरच्या दुकानात विचारलं तर भिया म्हणतात, कौन सा बूस्टर, गाडीचा का. म्हणून ऑनलाइनच.

पण थांबा, ऑर्डर करण्याआधी बाकीचं नीट करा, कारण ब्रेक मऊ लागण्याची कारणं अनेक असतात आणि फाकणं हे त्यातलं एक. सगळ्यात आधी चाकाचा आऊट काढून घ्या. रिम डावी-उजवी हलत असेल तर पॅड लांब ठेवावे लागतात आणि तिथेच प्रवास जातो. मग आऊटर केबल, म्हणजे वायरवरचं बाहेरचं आवरण. मी बघितलंय की बऱ्याच सायकलींना ब्रेकच्या जागी गिअरची आऊटर घालून दिलेली असते कारण दुकानात ती होती. हे करू नये, नुसतं चुकीचं नाही तर धोक्याचं आहे. गिअरच्या आऊटरमध्ये तारा सरळ लांबीत असतात आणि ब्रेकच्या जोराने ती फुटू शकते. ब्रेकची आऊटर जाड असते, ५ मिलिमीटरची, आत गोल गुंडाळलेली पट्टी असते. तुकडा कापला तर टोक कानशीने घासून सपाट करायचं आणि टोपी लावायची, तिरकं टोक असेल तर प्रत्येक वेळी दाबल्यावर ते आधी दबतं आणि लिव्हर मऊच लागतो. आर्मवरची ती वाकडी नळी, नूडल, आतून गंजली असेल तर बदला, फार स्वस्त मिळते. लिव्हर प्लॅस्टिकचा असेल तर तो स्वतःच वाकतो, तो आधी बदला. आणि लिव्हर व्ही-ब्रेकचाच आहे ना हे बघा, कॅन्टिलिव्हरचा लिव्हर साधारण अर्धीच केबल ओढतो, त्याने लिव्हर मऊ लागतो, ग्रीपला टेकतो आणि पॅड रिमला जवळजवळ चिकटवून ठेवावे लागतात.

मग पॅड. पॅडवर पैसे वाचवू नका हे मी दहा वेळा सांगेन. सायकलबरोबर आलेले काळे कडक रबर उन्हात वाळून दगड होतात, इंदूरच्या मे महिन्यात गच्चीवर सायकल ठेवणाऱ्यांना हे माहीत असेल. कूल स्टॉप कंपनीचे ते विटकरी-गुलाबी रंगाचे पॅड मागवले तर ओल्या रिमवर फरक लगेच कळतो. ते मिळाले नाहीत तर कमीत कमी मऊ रबराचे नवीन घ्या आणि रिम स्पिरिटने पुसून घ्या. हे सगळं केल्यावर लिव्हर कडक लागला तर बूस्टरची गरजच नाही, पैसे वाचले. माझ्याकडे हे सगळं झाल्यावरही मऊच होता, म्हणून मग व्हर्नियर काढला.

आता वस्तूबद्दल. मी घेतला तो बिनब्रँडचा, काळ्या रंगाचा, ५ मिलिमीटर जाडीचा, सहाशे रुपयांच्या आसपास पडला. डबा नाही, कागद नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत पट्टी, दोन बोल्ट, चार वायसर. पट्टीचं काम चांगलं आहे, कडा बोटाला लागत नाहीत, मधे वजन कमी करायला खिडक्या कापल्यात त्याही नीट गोल केलेल्या. भोकं गोल नाहीत, लांबट आहेत, आणि हे फार चांगलं, का ते पुढे सांगतो. बोल्ट मात्र टाकाऊ. अॅलन कीने कसायला घेतला तर डोक्यातली षटकोनी खाच घसरायला लागली, इतकं मऊ लोखंड. ब्रेकच्या बोल्टला असलं लोखंड द्यायचं म्हणजे ग्राहकाच्या जिवाशी खेळ आहे, आणि मी विकणाऱ्याला तसं लिहून पाठवलं, उत्तर आलं नाही. सियागंजच्या बाजारात जाऊन एम६ चे, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे, चांगले स्टेनलेसचे अॅलन बोल्ट घेतले, तीस-चाळीस रुपयांत काम झालं. लांबी बघून घ्या. पट्टी मधे आल्यावर जुना बोल्ट आखूड पडतो, जेवढी पट्टीची आणि वायसरची जाडी तेवढा लांब घ्यायचा. फार लांब घेतला तर खुंटाच्या तळाला टेकेल, कडक लागेल आणि पट्टी मात्र ढिलीच राहील. आणि स्टेनलेस बोल्ट कोरडा घालू नका, चुऱ्यांना ग्रीस लावा, नाहीतर आटा जाम होतो आणि खुंट फ्रेमचाच असला की मग वेल्डिंगवाल्याकडे जायची वेळ येते.

बसवताना एक गोष्ट. दोन खुंटांमधलं अंतर प्रत्येक फ्रेमला वेगळं असतं, साधारण ८० मिलिमीटरच्या आसपास पण दोन-चार इकडे-तिकडे. गोल भोकाचा बूस्टर घेतला आणि अंतर जुळलं नाही तर लोक नळ्या हाताने दाबून किंवा फाकवून बोल्ट घालतात. असं करू नका. नळ्या कायम ताणात राहतात आणि आर्म खुंटावर तिरका बसून फिरताना अडकतो. लांबट भोकं असली की नळ्या जिथे आहेत तिथेच राहतात आणि पट्टी त्यांच्या मापाला बसते. दोन्ही बोल्ट आधी हाताने, मग थोडे थोडे आळीपाळीने कसायचे. शिमानो व्ही-ब्रेकच्या या बोल्टसाठी ५ ते ७ न्यूटन-मीटर इतका कसण्याचा जोर सांगतं, टॉर्क रेंच नसेल तर छोट्या अॅलन कीने मनगटाच्या जोराने पुरे, पाइप घालून ओढायचं नाही. कसल्यावर केबल सोडून प्रत्येक आर्म हाताने आत-बाहेर करून बघा, स्प्रिंगच्या जोराने टकदिशी परत आला पाहिजे. रेंगाळत आला तर पट्टी आर्मला घासतेय, एक पातळ वायसर आत घाला. माझ्या डाव्या बाजूला घालावा लागला. नूडल पट्टीला लागत नाही ना हेही बघा, हँडल वळवून नाही, लिव्हर पूर्ण दाबून बघा, कारण दाबल्यावर आर्म आत येतो आणि नूडल खाली उतरते.

आता रस्त्यावर. जानापाव ही माळव्यातल्या सगळ्यात उंच टेकड्यांपैकी एक, साडेआठशे मीटरच्या वर, चंबळ इथून निघते आणि परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक दर्शनाला येतात. वर जायला घाम निघतो पण माझ्या दृष्टीने खरी परीक्षा उतरताना. वळणं जवळजवळ, समोरून देवदर्शनाच्या गाड्या, कडेला बारीक खडी. बूस्टरच्या आधी मी इथे मागचा ब्रेक जवळजवळ सोडूनच दिला होता, सगळं पुढच्यावर, आणि खडीवर पुढचा ब्रेक म्हणजे हात-पाय सोलून घ्यायची तयारी. आता मागच्यावर वेग धरून ठेवता येतो. फरक नुसता कडकपणाचा नाही, तो अंदाजाचा आहे. लिव्हर किती दाबला की चाक किती धरेल हे बोटांना आधी कळत नव्हतं, कारण अर्धा प्रवास फ्रेम खायची आणि ती किती खाईल ते प्रत्येक वेळी वेगळं. आता खडीवर चाक लॉक व्हायच्या काठावर धरता येतं, थोडं सोडता येतं, परत धरता येतं. मला विचाराल तर सहाशे रुपये या एका गोष्टीचे आहेत.

दुसरी परीक्षा जाम गेट. महूकडून जाताना पठाराच्या अगदी कडेवर अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ चा तो दरवाजा, आणि तिथून रस्ता निमाडात उतरतो. लांब उतार आहे, आणि इथे मला बूस्टरची मर्यादाही दिसली. लांब उतारावर सतत ब्रेक धरला की रिम तापते, पॅड तापतात, आणि त्याला बूस्टर काहीही करत नाही. तापलेल्या रबराची पकड जाते ती जातेच. तिथे जुनाच उपाय, धरून ठेवायचं नाही, थोडा वेळ जोरात दाबायचं आणि मग पूर्ण सोडायचं, पुढचा आणि मागचा वाटून. मग खाली येऊन रिमला हात लावायचा नाही, पोळतो. चर्रर्र आवाज मात्र बराच कमी झाला. आधी उतारावर मागचं चाक असं किंचाळायचं की गाई बाजूला व्हायच्या. नळ्या थरथरायच्या कमी झाल्या की आवाज कमी होतो. पॅडचं पुढचं टोक रिमला एखादा मिलिमीटर आधी टेकेल असं तिरपं लावलेलं असेल तर आणखी कमी.

पावसाचं वेगळं लिहितो कारण आपल्याकडे तोच खरा प्रश्न. ओल्या रिमवर पकड पॅडमुळे येते, बूस्टरने नाही. लिव्हर कडक राहतो एवढंच, पहिली एक-दोन चाकफेर पाणी पुसण्यातच जातात. पण माळव्याची काळी माती! जुलैत चोरलकडच्या कच्च्या रस्त्यावर घातली की टायरला चिकटते, वर चढते आणि जिथे अरुंद जागा मिळेल तिथे साठते. बूस्टरच्या कमानीखाली नेमकी अशी जागा तयार होते. माझ्या कमानीत आणि टायरमधे बोट आडवं जाईल इतकीच जागा आहे, १.९५ इंची टायरवर, आणि काळ्या मातीत ती भरते, चाक घासायला लागतं, उतरून काडीने काढावं लागतं. २.१ इंची टायर असता तर हा बूस्टर पावसाळ्यात काढूनच ठेवावा लागला असता. मुरमाच्या किंवा डांबरी रस्त्यावर काही त्रास नाही.

आणि यातच या वस्तूची खरी गोम आहे. चिखलासाठी कमान उंच पाहिजे, आणि कमान जितकी उंच तितकी ती जास्त वाकते, कडकपणा जातो. मग उंच कमान कडक करायची कशी? लोक जाडी बघतात, माझा ५ मिलिमीटर, तुझा ३. पण जोर कुठल्या दिशेने येतो ते बघा. खुंट बाजूला फाकतात, म्हणजे पट्टी तिच्या स्वतःच्या पातळीतच उघडते. त्या दिशेला जाडी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट होतो, पण पट्टीची रुंदी, म्हणजे समोरून दिसते ती पट्टी किती रुंद आहे ते, दुप्पट केली तर आठपट. रुंदीचा घन लागतो. म्हणून घेताना फोटोत जाडी बघू नका, कमानीच्या माथ्यावर आणि खांद्यावर पट्टी किती रुंद आहे ते बघा. दिसायला छान म्हणून खांद्याशी बारीक केलेले, मधे मोठ्या मोठ्या खिडक्या कापलेले बूस्टर असतात, ते घेऊ नका.

हे कळल्यावर मी दुसरा तुकडा इथेच बनवून घेतला. सांवेर रोडला लेझर कटिंगवाले आहेत, त्यांना पुठ्ठ्यावर काढून दिलेला आकार दाखवला, त्यांच्या पोराने कॉम्प्युटरवर काढून घेतला. कमान बरीच उंच, पट्टी माथ्यावर तीस मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर अॅल्युमिनियम, भोकं लांबट, कुठेही खिडकी नाही. एका तुकड्यासाठी मशीन लावायला ते तयार नव्हते, त्यांचं दुसरं काम चालू असताना उरलेल्या पत्र्यातून काढून दिला, आणि पैसे विकतच्या निम्म्याहून कमी. कडा मी कानशीने मारल्या. स्टीलचा करावा का असं त्यांनी विचारलं, स्टील अॅल्युमिनियमच्या तिप्पट कडक असतं हे खरं, पण वजनही तिप्पट, आणि जागा असताना रुंदी वाढवून तेच काम हलक्यात होतं. व्हर्नियरवर हा इंदुरी तुकडा विकतच्यापेक्षा जरासा सरसच निघाला, कमान उंच असूनसुद्धा. आता पावसाळ्यात हाच लावलेला असतो, खाली दोन बोटं आडवी जातात.

पुढच्या चाकाचं विचाराल तर माझ्या सायकलला लावून बघितला आणि काढला. सस्पेन्शन चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला) दोन पायांना जोडणारी एक कमान आधीच ओतलेली असते, ब्रेकच्या खुंटांच्या जवळच, तिथे व्हर्नियरवर फरक जवळजवळ दिसलाच नाही. जुना पातळ कमानीचा चिमटा असेल तर वेगळी गोष्ट, मोजून बघा. सस्पेन्शन नसलेल्या साध्या चिमट्यालाही मोजूनच ठरवा. जाड नळ्यांच्या अॅल्युमिनियम फ्रेमला मागेही फार फरक पडेल असं वाटत नाही, त्या आधीच कडक असतात.

एक सूचना, ब्रेक जोरात लागायला लागला की रिम तपासत राहा. रिम ब्रेकमधे पॅडबरोबर रिमची भिंतही झिजते, काळ्या मातीची बारीक वाळू पॅडमधे अडकली की कानशीसारखी घासते. भिंतीवर बोट फिरवा, खोलगट लागली किंवा कडेची झिजेची खाच दिसेनाशी झाली तर रिम बदला, हवेच्या दाबाने पातळ भिंत फुटते. पॅडमधले खडे टोकदार सुईने काढत जा. बूस्टरचे बोल्ट लावल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर एकदा पान्याने बघून घ्या, माझा एक किंचित सैल झाला होता, नंतर नाही.

मग डिस्कवाली घ्यावी का? नवीनच घ्यायची असेल तर घ्या, ओल्यात डिस्क चांगलीच असते यात वाद नाही. पण खुंटवाल्या जुन्या फ्रेमला डिस्क बसवायची म्हणजे ब्रॅकेट, हब, चाक, सगळं बदला, आणि स्टीलच्या बारीक नळीवर वेल्ड करून जोर भलतीकडे द्या, त्यापेक्षा पॅड, केबल आणि हा पत्रा मिळून दीड हजाराच्या आत काम होतं.

सांवेर रोडवाल्यांकडे आकार आता कॉम्प्युटरमधे आहे. इंदूर-महू-देवासच्या कोणाला हवा असेल तर कॉमेंटमधे तीन मापं टाका: दोन खुंटांच्या बोल्टचं मध्य ते मध्य अंतर, टायरची रुंदी, आणि खुंटापासून टायरच्या माथ्यापर्यंतची उंची. चार-पाच जण झाले तर ते एकाच पत्र्यातून काढून द्यायला तयार आहेत. बोल्ट सियागंजातून ज्याचे त्याने घ्यायचे.